कोई शक?

"मॅडम, ह्यांना काय इचारताय? इचारलं की गोळी नको म्हणणार. डॉक्टर आन् तुम्ही मिळून ठरवा, आमी देतो."

समुपदेशन करताना माजी सैनिकांच्या घरून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचे शब्दही पाठ झालेत. सैनिक टाकळी, सैनिक गिरगाव अशी गावांची नावंच असलेला आपला कोल्हापूर जिल्हा. पेन्शन असते, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असतं, काळजी करणारी माणसं असतात. आजार ज्याचा, त्याचं मत तेवढं कुणी विचारत नाही. त्यातलीच ही एक गोष्ट, ओळख पटणार नाही अशी बदलून.

निवृत्त हवालदार, वय पंचेचाळीसच्या आसपास, स्किझोफ्रेनिया (भास होणं, नसते संशय येणं असा मानसिक आजार). दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं आणि दोन्ही वेळा आधी गोळ्या बंद झालेल्या. डॉक्टर बोलायला लागले की हे ताठ बसायचे आणि शेवटी म्हणायचे, "ठीक आहे, सर." घरी गेल्यावर गोळी जिभेखाली.

मी एकदा सरळच विचारलं, "पटत नाही तरी हो का म्हणता, साहेब?"

"पलटणीत सगळं सांगून झालं की शिकवणारा उस्ताद विचारतो, कोई शक? त्याला उत्तर एकच असतं, मॅडम. नहीं साहब."

मी हसले, पण ते हसले नाहीत.

पुढची दोन-तीन सत्रं मी गोळीचा विषयच काढला नाही. शेत, ऊस, म्हशी. (त्यांच्या पत्नीला, वहिनींना, वाटलं, मॅडम फी फुकट घेतायत.) मग एके दिवशी वहिनींनी दुधाच्या हिशोबाचं कॅलेंडर पुढ्यात आपटलं. गोळी चुकली त्या दिवसांवर लाल फुल्या होत्या आणि त्या घोळक्यानं पडल्या होत्या. हवालदार बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ह्या आठवड्यांत लाईट रातची असती."

शेतीपंपाची वीज रात्री. गोळी घेतली की झोप अशी लागायची की दारं मोडायला, उसाला पाणी फिरवायला जाग यायची नाही. पाणी भाऊ पाजायचा आणि सकाळी चारचौघांत टोमणा मारायचा. चौदा वर्षं रात्रीचा पहारा केलेल्या माणसाला हे कसं सोसावं?

घरच्यांना हा हट्ट वाटत होता, आणि खरं सांगायचं तर मलाही. माणूस औषध नाकारतो तेव्हा आधी तो काय वाचवू पाहतोय ते शोधावं, असं मी मानते. त्या दिवशी माझं मलाच ते पुन्हा पटलं, आणि थोडं बरंही वाटलं.

डॉक्टरांपुढे त्यांनी हे स्वतः मांडलं. डॉक्टरांनीही स्पष्ट सांगितलं की औषध एकदम तोडलं तर आजार उलटतो, आणि जागरणानंही उलटू शकतो. महिन्याचं इंजेक्शन, गोळीची वेळ अलीकडे घेणं, कमी गुंगीची गोळी हळूहळू सुरू करणं असे पर्याय निघाले. हवालदारांनी तिसरा निवडला. बदल होईपर्यंत रात्रीचं पाणी पुतण्याकडे दिलं. ते मात्र त्यांना जड गेलं.

घरच्यांसाठी एवढंच: विचारणं म्हणजे सगळं रुग्णावर सोडणं नव्हे. भेटीला जाताना त्यांच्या तक्रारी त्यांच्याच हातानं लिहून न्या. त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी "हे, ते" करून बोलू नका. आणि तब्येत बरी असतानाच पुढचं ठरवा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आपल्यावर उपचार कसे व्हावेत, कसे होऊ नयेत हे आधी लिहून ठेवता येतं, आपल्या वतीनं बोलणारा माणूसही नेमता येतो. तातडीच्या उपचारांना तो कागद लागू होत नाही, हेही माहीत असू द्या. हवालदारांनी थोरल्या मुलीचं नाव घातलं. वहिनी दोन दिवस रुसल्या.

परवाच्या भेटीत डॉक्टरांनी बोलणं संपवून मुद्दाम विचारलं, "कोई शक?"

हवालदारांनी खिशातली चिठ्ठी उलगडली. "दोन हाईत, सर."

"माझा बी एक हाय," वहिनी म्हणाल्या.