रात्री दात खाता? आधी दिवसाचा जबडा बघा

“मला टेन्शन कसलंच नाही, मॅडम. पण दातांच्या डॉक्टरांनी तुमच्याकडे जायला सांगितलंय.”

हे वाक्य माझ्या खोलीत वरचेवर ऐकू येतं. माणसं वेगवेगळी, तक्रार तीच. सकाळी जबडा आखडलेला, कानशिलं ठणकत असतात, सात-आठ तास पडून राहूनही झोप झाल्यासारखी वाटत नाही, आणि शेजारी झोपणारं माणूस सांगतं की रात्रभर करकर दात खाता. कान दुखतो म्हणून दाखवावं तर कान ठणठणीत. दातांचे डॉक्टर झिजलेल्या दाढा दाखवतात, नाइट गार्ड म्हणजे रात्री दातांवर बसवायचं कवच देतात आणि निघताना सांगतात, “जरा टेन्शन कमी घ्या.” खरी काळजी तिथून सुरू होते. जे टेन्शन मला जाणवतच नाही ते कमी कसं करायचं? आणि झोपेत जे घडतं त्यावर माझा ताबा कुठे आहे?

प्रश्न रास्त आहे. म्हणून सुजाताताईंबद्दल सांगते. नाव आणि काही तपशील बदलले आहेत, त्यांची परवानगीही घेतली आहे.

सुजाताताई नाशिक जिल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत शिकवतात. चाळिशी ओलांडलेली, मुलगा दहावीला. पहिल्या भेटीत त्या बोलत होत्या तेव्हा ओठ हलत होते, पण जबडा जेमतेम उघडत होता. बोलणं थांबलं की कानाखाली, गालाच्या मागच्या कोपऱ्यात स्नायूची गाठ वर यायची आणि खाली जायची.

“आत्ता दात एकमेकांना टेकलेत का?” मी विचारलं.

त्या थांबल्या. जरा वेळ गेला. “हो. टेकलेलेच असतात ना?”

“नाही, ताई.”

हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. ओठ मिटलेले असले तरी आत वरच्या आणि खालच्या दातांमध्ये दोन-चार मिलिमीटरची फट असते, ही जबड्याची आरामाची स्थिती. दात टेकतात ते चावताना आणि गिळताना, दिवसभरात सगळं मिळून अर्ध्या तासापेक्षाही कमी. उरलेला सगळा वेळ ते सुटे असायला हवेत. सुजाताताईंचे जागेपणी बराच वेळ भिडलेले असायचे आणि त्यांना ते नेहमीचंच वाटत होतं. जागेपणी असा आवळलेला स्नायू रात्री दमलेला आणि दुखरा होऊन अंथरुणात येतो. दुखण्यानं झोप उथळ होते, आणि उथळ झोपेनं दुखणं सोसण्याची ताकद कमी होते.

दात खाणं बहुतेक करून उथळ झोपेत होतं. मेंदू काही सेकंदांपुरता अर्धवट जागा होतो, हृदयाचे ठोके वाढतात, मग जबड्याचे स्नायू आवळतात आणि शेवटी दात घासले जातात. म्हणजे शेजारच्याला ऐकू येणारी करकर ही सगळ्यात शेवटची पायरी. नाइट गार्ड या शेवटच्या पायरीवर दातांची झीज वाचवतं, म्हणून ते वापरायलाच हवं. पण आधीच्या पायऱ्यांपर्यंत ते पोचत नाही. झोपेतल्या जबड्याला आपल्याला हुकूम सोडता येत नाही. दिवसाच्या जबड्याला मात्र शिकवता येतं, आणि माझं काम तिथे सुरू होतं.

मी त्यांना टिकल्यांचं एक पाकीट आणायला सांगितलं. एक टिकली मोबाईलच्या मागे, एक ओट्याच्या टाइलवर, एक स्कूटीच्या आरशाच्या कडेला, एक हजेरीपटावर, एक पलंगाच्या डोक्याशी. टिकली दिसली की एवढंच बघायचं: दात टेकलेत का? टेकले असतील तर सोडायचे, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे हलकेच ठेवायचं आणि छोट्या डायरीत वेळेसमोर एक रेघ मारायची. स्वतःला दोष द्यायचा नाही, कारण शोधायचं नाही.

त्यांना वाटलं होतं, रेघा शाळेच्या वेळेत जास्त निघतील. एका वेळी दोन इयत्ता सांभाळायच्या, आवाज चढवायचा, पोरांची भांडणं सोडवायची. डायरी आली तर शाळेची वेळ जवळजवळ कोरी. रेघांची दाटी होती रात्री साडेनऊ ते अकरा. तेव्हा घर निजानीज झालेलं असायचं, आणि सुजाताताई पलंगावर बसून मोबाईलवर शाळेची ऑनलाइन माहिती भरायच्या. ग्रुपवर लिंक आलेली असायची, “आज रात्रीपर्यंत भरावी.” शाळेतल्या दुसऱ्या सरांनी कधीतरी म्हटलं होतं, “तुम्हाला मोबाईलचं जमतं मॅडम, तुम्हीच करा.” तेव्हापासून हे काम त्यांच्याकडेच राहिलं.

“त्या वेळी कोणाशी बोलणं चालू असतं?”

“कोणाशीच नाही. सगळे झोपलेले असतात.”

“आणि मनात?”

त्या कसनुशा हसल्या. “मनात सरांशी भांडत असते.”

“काय म्हणता त्यांना?”

“जाऊ द्या हो. तसं काही नाही.”

“जे म्हणता तेच इथे म्हणा. मोठ्यानं.”

गालाच्या कोपऱ्यातली गाठ वर आली. ओठ घट्ट मिटले. अशा वेळी मी मध्ये बोलत नाही. समोरच्या माणसाच्या गप्प बसण्याला पुरेसा वेळ देणं हे इतक्या वर्षांच्या सरावानं मला साधलं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. बऱ्याच वेळानं त्या खाली बघत पुटपुटल्या, “सर, हे काम शाळेचं आहे. माझं एकटीचं नाही.”

“पुन्हा एकदा.”

दुसऱ्यांदा शब्द स्पष्ट आले. तिसऱ्यांदा त्यांनी मान वर केली, तोंड पुरतं उघडलं आणि “एकटीचं” या शब्दावर आवाज खणखणीत लागला. आणि पाठोपाठ त्यांना जांभई आली. मोठी, डोळ्यांत पाणी आणणारी. ती संपते तोवर दुसरी.

“सॉरी मॅडम, रात्री झोप झाली नाही ना, म्हणून...”

“येऊ द्या. अडवू नका.”

तिसरी जांभई ओसरल्यावर त्यांनी तळहात गालावर ठेवला आणि नवल वाटल्यासारखं म्हणाल्या, “इथलं काहीतरी सैल झालं.”

त्यांच्या खांद्यांची जागासुद्धा बदलली होती. त्या जांभईची मी भेटीमागून भेट वाट बघत होते. आवळलेला जबडा असा आपसूक सुटतो तेव्हा माणसाला पहिल्यांदा कळतं की इतके दिवस तो आवळलेला होता.

मी एडमंड जेकबसन यांच्या वाटेनं जाणारी आहे. शिकागोत काम करणाऱ्या या डॉक्टरांनी 1930 च्या सुमारास स्नायूंमधले अतिशय सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजले. माणूस तोंडातून चकार शब्द न काढता नुसतं बोलण्याची कल्पना करत असला, तरी त्याच्या जिभेच्या आणि ओठांच्या स्नायूंमध्ये हालचाल नोंदवली जाते, असं त्यांना दिसलं. मनातल्या मनात भांडण म्हणजे फक्त मनातलं भांडण नव्हे, तोंडही त्यात असतं. याच्या पुढचं माझं निरीक्षण असं की बाहेर पडायला निघालेलं वाक्य अडवायचं असेल तर ते जबडाच अडवतो. सुजाताताई वर्गात दिवसभर बोलायच्या, तेव्हा जबडा मोकळा असायचा. रात्री बोलणं थांबायचं आणि अडवणं सुरू व्हायचं. वर्षानुवर्षं “मी कधी चिडत नाही” असं समाधानानं सांगणारी माणसं माझ्याकडे दुखरा जबडा घेऊन येतात, ते उगाच नाही.

पुढच्या आठवड्यात त्या सरांशी बोलल्या. भांडण नाही, वाक्य तेच. सरांनी थोडी कुरकुर केली आणि पोषण आहाराच्या नोंदी आपल्याकडे घेतल्या. उरलेलं काम ताई शाळा सुटल्यावर तिथेच बसून उरकू लागल्या. मोबाईल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला राहू लागला.

झोपण्याआधीचा क्रम आम्ही दोघींनी मिळून बसवला. तुम्हालाही करून बघता येईल. गरम पाण्यात पिळलेला पंचा दोन्ही गालांवर दहा मिनिटं धरायचा. मग बोटांच्या टोकांनी गालाच्या मागच्या कोपऱ्यात आणि कानशिलांवर गोल गोल हलका दाब द्यायचा. त्यानंतर जेकबसन यांची पद्धत: दात पाच सेकंद अगदी अलगद आवळायचे, सोडायचे आणि सुटताना काय वाटतं ते अर्धा मिनिट नुसतं अनुभवायचं. असं तीन-चार वेळा. महत्त्व सोडण्याला आहे, म्हणून आवळताना जोर लावू नका. सांधा दुखत असेल तर आवळणं गाळून थेट सोडण्यावर या. शेवटी भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडणं, ओठ मिटलेले आणि दात विलग ठेवून. दात टेकवून गुंजारव केला तर कवटीभर कंप जाणवतो, विलग ठेवले की तो ओठांवर आणि गालांवर उतरतो. फरक लगेच कळतो.

रात्री दोन वाजता जाग आली तर मात्र जबडा तपासत बसू नका. सैल करायची धडपड हीसुद्धा आवळणंच असतं. लक्ष द्यायचं ते दिवसा.

दुखणं असेपर्यंत च्युइंगगम, सुपारी, कडक चिक्की बंद. पालथं झोपणं टाळा, त्यानं जबडा एका बाजूला दाबला जातो. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी, तंबाखू आणि दारू यांचा दात खाण्याशी संबंध आहे, तेव्हा तिथेही हात आखडता घ्या.

प्रत्येक जबडा न बोललेल्या वाक्यानं आवळलेला असतो असं मात्र मी म्हणणार नाही. काहींच्या घराण्यातच दात खाणं असतं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी ते सुरू होऊ शकतं. अशी शंका आली तर गोळी आपल्या मनानं थांबवू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसा पेंगणं असेल तर आधी झोपेची तपासणी हवी, माझ्याकडे नंतर या. तोंड पुरतं उघडत नसेल किंवा जबडा अडकत असेल, तर दातांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. लहान मुलं दात खातात म्हणून दरवेळी जंताचं औषध देण्याची आपल्याकडे रीत आहे. बहुतेक मुलांची ही सवय मोठं होता होता जाते, औषध द्यायचं की नाही ते बालरोगतज्ज्ञांना ठरवू द्या.

सुजाताताईंची करकर पूर्ण थांबलेली नाही. परीक्षांच्या दिवसांत ती परत येते, असं त्यांचे यजमान सांगतात. नाइट गार्ड चालू आहे. पण सकाळचं डोकं दुखणं आठवड्यातून एखाद्या वेळेवर आलंय आणि पहाटेपर्यंत सलग झोप लागते. टिकल्या त्यांनी अजून काढलेल्या नाहीत. हजेरीपटावरची बघून चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, ही कशाला?” तर त्यांनी सगळ्या वर्गाला दात सुटे ठेवून ओठ मिटायला शिकवलं.