येळ्ळूरच्या उतारासाठी एक लाख नव्वद हजार?

प्रश्न थोडक्यात असा : वय ३६, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी प्रोग्रामिंग. हातात ५८ हजार, पत्नी शाळेत शिकवतात त्यांचे २२ हजार. अनगोळला वडिलांचं घर, पाच वर्षांची मुलगी. घरखर्च ४८ हजार, एसआयपी १० हजार, विम्याचे हप्ते ४ हजार. क्रेडिट सोसायटीत ३ लाखांची ठेव, साडेनऊ टक्क्यांनी. नोव्हेंबर २०२२ मध्ये २,६०,०००ला घेतलेली १६० मिलिमीटर दबणाऱ्या सस्पेन्शनची माउंटन बाईक आता ‘रणगाड्यासारखी’ वाटते. १३० मिलिमीटरची, हलकी, खेळकर ट्रेल बाईक २,८५,०००ला मिळते. पुण्याचं दुकान जुनीचे ९५ हजार धरतंय. राहिलेल्या १,९०,०००पैकी १,२०,००० ठेव मोडून आणि ७०,००० बारा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांनी. ‘घरी अजून बोललो नाही. हा गाढवपणा आहे का?’

---

गाढवपणा नाही. मी स्वतः रविवारी जांबोटीपर्यंत रोडबाईक मारून येतो, त्यामुळे सायकलीच्या बाबतीत माझ्याकडून फार शहाणपणाची अपेक्षा धरू नका. पण तुम्ही पत्रासोबत एक फोटो पाठवलाय, त्यावरून सुरुवात करतो. पुढच्या फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुशाख्याच्या, चकचकीत नळीवरचं ते काळं रबरी कडं. फोर्क जितका दबतो तितकं ते वर सरकतं आणि तिथंच थांबतं. येळ्ळूरगडावरून उतरून आल्यावर तुमचं कडं ११० मिलिमीटरच्या आसपास थांबलंय, म्हणजे १६०पैकी ५० मिलिमीटर तुम्ही वापरतच नाही. विकत घेतलंत, चढावर ओढत नेता, पावसाळ्यात पुसून ठेवता, पण वापरत नाही.

म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर आहे. येळ्ळूरचा उतार, वैजनाथच्या डोंगराची बाजू, खानापूरकडचे लाल मातीचे रस्ते, या सगळ्याला १३० मिलिमीटर पुरून उरतं. लांब, जड, पुढून पसरट कोनाची सायकल मोठमोठ्या दगडांच्या उतारावर वेगात स्थिर राहावी म्हणून केलेली असते. मध्यम उतारावर ती सगळं गिळून टाकते. खड्डा आला तरी कळत नाही, उंचवटा आला तरी उडत नाही. ‘सायकल चालते, मी नुसता बसलेला असतो,’ असं तुम्ही लिहिलंय. मला ते पटलं.

पण ५० मिलिमीटर उरण्याला दुसरंही कारण असू शकतं : फोर्कमध्ये हवा जास्त भरलेली असणं. म्हणून पैशाचं बोलण्याआधी एक फुकटचं काम करा. फोर्कमधली हवा थोडी सोडून बघा. मग पूर्ण सामानानिशी सायकलवर उभे राहा आणि नुसत्या वजनाने मागचा शॉक किती बसतो ते मोजा. पंचवीस टक्क्यांच्या आसपास आणा. तीसच्या वर असेल तर सायकल गाळात बसल्यासारखीच वागणार. मग फोर्कच्या खालच्या टोकाचा लाल नॉब. तो रिबाउंडचा. दोन क्लिक वेगाकडे फिरवा. रिबाउंड मंद ठेवला की फोर्क दबतो आणि वर यायला आळस करतो; उडी मारायला ढकलाल तेव्हा खालून काही परतच मिळत नाही. शॉकमध्ये हवेची जागा कमी करणारे प्लॅस्टिकचे स्पेसर टाकून घ्या, ते शेकड्यांत होतं. टायर जाड दुहेरी कापडाचे असतील तर हलके बसवा. या सगळ्याला मी १२ हजार धरतो. मागे २७.५ इंची चाक बसवायचा मोह मात्र आवरा. खालचा भाग आणखी खाली येतो आणि आपल्याकडच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर पेडल आपटत राहतं.

आता पैसे. दुकानदार जे ९५ हजार म्हणतोय ते विसरा. ती सोयीची किंमत आहे, सायकलीची नव्हे. तुम्हीच पाठवलेल्या जाहिरातींवरून तुमच्यासारखी सायकल थेट गिऱ्हाइकाला १,३०,०००च्या आसपास जाईल. पस्तीस हजारांचा फरक आहे. त्यासाठी एक खोकं आणायचं, हँडल वळवायचं, पुढचं चाक काढायचं आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पुण्याला किंवा बेंगळुरूला पाठवायची. एका रविवारचं काम आहे. गिऱ्हाईक घासाघीस करणार, कारण २२ सप्टेंबर २०२५पासून सायकलीवरचा जीएसटी १२वरून ५ टक्क्यांवर आलाय. तुमचं २,६०,०००चं बिल जुन्या दराचं. मूळ किंमत तीच धरली तर आज तीच सायकल २,४३,७५०ला पडते. समोरचा हा हिशेब करून येईल. आपणही करून बसावं. जुनी सायकल विकत घेताना हाच हिशेब आपल्या बाजूने लावायचा.

तुमच्या मोबाईलमधल्या नोंदीनुसार तीन वर्षं चार महिन्यांत साधारण १२० राइड झाल्या. किंमत १,३०,०००ने उतरली, सर्व्हिसला ४२ हजार गेले. १,७२,००० भागिले १२०, म्हणजे एका राइडला १,४३३ रुपये. हा आकडा तुम्हाला लाजवायला नाही काढला. छंदाला पैसे लागतातच, आणि डोंगरातली एक सकाळ चौदाशेला महाग आहे असं मला वाटत नाही. पण या आकड्यातला मोठा वाटा सर्व्हिसचा नाही, घसाऱ्याचा आहे. तो सगळ्यात जोरात पहिल्या दोन वर्षांत होतो. नवी सायकल घेतली की ते मीटर पुन्हा शून्यापासून पळायला लागतं. नव्या २,८५,०००च्या सायकलीची दोन वर्षांतली घट मी एक लाख धरतो. वर्षाला ३६ राइड या तुमच्या गतीने राइडमागे १,३८९ नुसते घसाऱ्याचे. तुम्हीच दाखवलेली १,७०,०००ची वापरलेली १३० मिलिमीटरवाली घेतलीत आणि दोन वर्षांनी सव्वा लाखाला विकलीत, तर तेच ६२५ होतात. उतार तोच, उडी तीच.

वापरलेली घेताना मूळ बिल मागा आणि पेडलच्या आसाखाली फ्रेमवर कोरलेला नंबर त्याच्याशी ताडून बघा. फोर्कच्या नळीवर नखाला लागेल असा ओरखडा असेल तर सोडून द्या, तो खर्च मोठा असतो. मागचं चाक धरून बाजूला हलवा. खटखट आली तर पिव्होटचे, म्हणजे फ्रेमच्या हलत्या सांध्यांचे, बेअरिंग गेलेत. आणि फ्रेमची वॉरंटी बहुतेक वेळा पहिल्या मालकापुरतीच असते, हे धरूनच किंमत बोला.

‘नो कॉस्ट’ हप्त्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे त्याला भुलणारे शिकलेलेच जास्त. रोखीने घेतली तर दुकान १२ हजार कमी करतं, असं तुमच्याच पत्रात आहे. मग हप्त्याने घेताना तुम्हाला खरं कर्ज ५८ हजारांचं मिळतं आणि फेडता ७० हजार. हा दर महिन्याला साधारण तीन टक्के पडतो. महिन्याला! वरून हप्ता क्रेडिट कार्डाचा असेल तर त्यातल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, आणि प्रोसेसिंग फी वेगळीच. शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वात नसतं, असं रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बँकांना सुनावलंय.

आणि ठेव. इथं मी तुमच्या अपेक्षेपेक्षा वेगळं बोलणार आहे. तुम्ही विचारलंत, ठेव मोडू का? मोडा. पण सायकलीसाठी नको. बेळगावात गल्लीगल्लीत सोसायटी आहे, संचालक ओळखीचे असतात, संध्याकाळी सातलाही काउंटर उघडा असतो, दर बँकेपेक्षा चांगला. मलाही ते आवडतं. पण ५ लाखांपर्यंतचं ठेव विम्याचं संरक्षण बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे. क्रेडिट सोसायटीला नाही, नावात ‘सौहार्द’ असलं तरी नाही. तुमचा महिन्याचा खर्च ४८ हजार. सहा महिन्यांचे होतात २,८८,०००. म्हणजे ही ३ लाखांची ठेव हाच तुमचा अडीअडचणीचा सगळा पैसा, आणि तो सगळा एकाच न विमा उतरवलेल्या जागी. काही वर्षांपूर्वी माझ्या सासुरवाडीच्या एका घरात अशीच पावती मुलीच्या लग्नाच्या महिन्यात निघेना. काउंटरवर रोज ‘सोमवारी या’ ऐकून ते वैतागले होते. एका पावतीची मुदत जूनमध्ये संपते ना? ती संपली की बँकेत न्या. व्याज कमी मिळेल, मिळू दे.

मग सायकलीला पैसे कुठून? ८० हजारांतून सगळं वजा जाता १८ हजार उरतात, ज्यांचा पत्रात पत्ताच नाही. सण, लग्नकार्यं, कुंद्याचे डबे यांत आठ गेले म्हणू. दहा हजार वेगळ्या खात्यात टाका. एप्रिल ते ऑक्टोबर सत्तर हजार होतात. जुनी १,३०,०००ला विकून वापरलेली १,७०,०००ला घ्यायची तर अंतर ४० हजारांचं. वर सर्व्हिसला आणि नव्या गुडघेकवचाला उरतात. एसआयपीला हात लावायची गरजच येत नाही.

ऑक्टोबरच का? आता घेतली तर तुम्हाला दोन महिने मिळतील. मग पाऊस. कणकुंबीकडे पाऊस कसा पडतो ते तुम्हाला सांगायला नको. चार महिने सायकल ताडपत्रीखाली आणि घसारा मात्र चालू. गेलातच एखाद्या रविवारी, तर लाल चिखल बेअरिंगमध्ये शिरतो, आणि फोर्कच्या खालच्या नळ्या तर तेल-सीलची सर्व्हिस पन्नास तासांनीच मागतात. ते काम तुम्हाला पुण्याला पाठवावं लागतं. आहे ती सायकल पावसाळ्यात मळवा. मात्र आत्ता विकून रिकामे बसू नका. माझा अनुभव असा की, सायकल नसलेला माणूस ऑगस्टमध्ये रात्री अकराला मोबाईलवर काहीही बुक करतो.

खेळकर सायकल म्हणजे तुम्ही जास्त उडणार, म्हणजे जास्त पडणार. कंपनीच्या ग्रुप विम्याशिवाय स्वतःची आरोग्य पॉलिसी आहे का, ते पत्रात नाही. साहसी खेळांची जी ठरीव वगळणूक आरोग्य पॉलिसीत असते ती व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी आहे, हौशी माणसाची हाडं त्यात येत नाहीत. वैयक्तिक अपघात पॉलिसीच्या अटी मात्र वेगळ्या असतात, त्या ओळ न ओळ वाचा. हातात प्लास्टर असताना तुम्ही प्रोग्राम कसे टाइप करणार, आणि तेवढे दिवस पगार चालू राहील का, हे आधी एचआरला विचारून ठेवा. सायकलीच्या रंगापेक्षा मला त्याची काळजी जास्त आहे.

राहिलं घरी सांगायचं. १,९०,००० हा आकडा सांगायला जीभ जड होते, कारण तो तुम्हालाही पटलेला नाही. ‘ऑक्टोबरमध्ये, महिन्याला दहा हजार साठवून, चाळीस हजारांचा फरक’ हे जेवताना सांगता येतं. आजच सांगा. मग शॉक मोजा, लाल नॉब दोन क्लिक फिरवा आणि येत्या रविवारी येळ्ळूरहून उतरल्यावर त्या रबरी कड्याचा नवा फोटो पाठवा. कडं १४०च्या पुढं गेलेलं दिसलं, तर ऑक्टोबरचा बेतही आपण परत बघू.