‘मी दगड झालो काय हो, मॅडम?’

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या सिस्टर बहुतेक नाईट उतरून थेट येतात, घरी टेकायच्या आधीच. एकदा घरी गेलं की परत निघणं होत नाही. तक्रार एका वाक्याची असते: फार चिडचिड होते, पेशंट नकोसे वाटतात, माझंच काहीतरी चुकतंय. ही सिस्टरही तशीच आली. ओळख पटेल असं सगळं मी बदललंय. माहेर खानापूर तालुक्यातलं, सासर बेळगावजवळच्या खेड्यात, जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून बरीच वर्षं एका खासगी हॉस्पिटलात. बॅग मांडीवरून खाली न ठेवताच तिनं विचारलं, ‘‘मी दगड झालो काय हो, मॅडम?’’

तिच्या वॉर्डातल्या एक आजी पहाटे वारल्या होत्या. आठवडाभर हिनंच त्यांना औषधं दिली, हिच्याशीच त्या नातवंडांचं बोलायच्या. ‘‘त्या गेल्या आणि पहिलं मनात काय आलं सांगू? आता बॉडी पॅक करायची, फाईल पुरी करायची, म्हणजे सहाची इंजेक्शनं राहणार. रडू नाही, काही नाही. लेक बिचारी ‘अव्वा, अव्वा’ करून हाका मारालती, तिलाच खेकसलो, बाजूला व्हा म्हणून.’’

हे सांगताना तिचे डोळे भरून आले. दगडाचं एवढं एक लक्षण तर तिथंच बाद झालं, पण ते तिला सांगून उपयोग नव्हता. मी विचारलं, ‘‘त्या रात्री वॉर्डात पेशंट किती होते?’’

प्रश्न तिला विचित्र वाटला असावा. खाटा 30, वर दोन जादा टाकलेल्या. नाईटला चार्टवर नावं दोघींची, पण जेवणवेळ टळली की दुसरीला आयसीयूत पाठवतात आणि ती सकाळीच परत दिसते. आया एक, तीही दोन वॉर्डांत मिळून. म्हणजे 32 पेशंटचं बीपी, इन्सुलिन, सलाईन, नवी ॲडमिशन, डॉक्टरांना फोन आणि शिवाय कुणाचा तरी नातेवाईक ‘सिस्टर, सलाईन मुगितरी’, म्हणजे संपली, म्हणत दारात उभा. औषधं काढताना मध्येच कुणी काम तोडलं की चूक होण्याचा धोका वाढतो, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. इथं न तोडता एक ट्रे भरणं म्हणजे नशीब.

भारतीय परिचर्या परिषदेचं (इंडियन नर्सिंग कौन्सिलचं) प्रमाण साध्या रुग्णालयाला पाच खाटांमागे एक नर्स, मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाला तीन खाटांमागे एक, आणि रजेसाठी वर 30 टक्के जादा. 30 खाटांना सहा आणि रजेच्या दोन. अगदी हात आखडून, त्याच सहा तिन्ही पाळ्यांत वाटल्या, तरी नाईटला दोघी येतात. ही मात्र पहाटे चार वाजता एकटी असते आणि घरी येऊन स्वतःचा स्वभाव तपासत बसते.

मला हॉस्पिटलं कधीकधी ‘स्ट्रेस मॅनेजमेंट’वर बोलायला बोलावतात. वेळ दुपारी दोनची. मॉर्निंगवाल्या घरी जायच्या वेळेला थांबवलेल्या, नाईटवाल्या झोपेतून उठवून आणलेल्या, आणि मी त्यांना दीर्घ श्वास घ्यायला सांगायचं. श्वासाला माझा विरोध नाही. पण जिला दुसरी सिस्टर हवी आहे तिला प्राणायाम देणं हे तापाच्या पेशंटला नुसता थर्मामीटर देण्यासारखं आहे.

कामाच्या न आवरलेल्या ताणातून माणूस पुरता थकतो, कामापासून मनानं तुटतो आणि आपल्याला काही जमत नाही असं त्याला वाटायला लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या 11 व्या आवृत्तीत बर्नआउटची हीच तीन अंगं नोंदवली आणि त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित बाब म्हटलं. तिचं ‘दगड होणं’ म्हणजे यातलं दुसरं अंग.

तरीही नैराश्य आहे का ते बघावंच लागतं. ऑफच्या दिवशीही झोप लागत नाही, पोरांतही जीव रमत नाही, मरणाचे विचार येतात, असं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आहे, कन्नड आणि मराठीतही बोलता येतं. हिचं तसं नव्हतं. ऑफला ही शेतात जायची, हसायची.

मग मी तिला एक छोटी वही करायला सांगितली. प्रत्येक ड्युटीला पेशंट किती, सिस्टर किती, जेवायला बसायला मिळालं का, कुणावर ओरडलीस का. पुढच्या खेपेला वही बघून तीच म्हणाली, ‘‘दोघी असलो की मी ओरडतच नाही की!’’ भडका उडालेला दिसत होता तो एकटीच्या नाईटला, नाहीतर इव्हिनिंग करून लगेच सकाळच्या मॉर्निंगला आलेल्या दिवशी. आणि एका दिवसापुढे, विचारलं नसताना, लिहिलं होतं: ‘7 नंबरच्या बाईची वेणी घातली.’ हात मोडलेली बाई, महिनाभर केस गुंतलेले. ते वाचून ती स्वतःच गप्प झाली.

घराचंही बोलणं झालं. नाईट उतरून आली की सासूबाईंच्या लेखी ती ‘दिवसभर घरीच’. भाकऱ्या, धुणं, पाहुणे, झोप दोन तुकड्यांत. दिवसाची झोप तशीही रात्रीपेक्षा उथळ. नवऱ्याला मी बोलावून घेतलं. माणूस समजूतदार निघाला, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. नाईटच्या दिवसांत खोलीला जाड पडदा, दुपारपर्यंत फोन त्याच्याकडे, पोरांचा डबा तो करणार, आणि तिनं ड्युटीवरचा शेवटचा चहा पहाटे तीनच्या आत घ्यायचा.

वही घेऊन ती आणखी तिघींसोबत मेट्रनकडे, म्हणजे नर्सांच्या प्रमुखांकडे, गेली. एकटीनं जाऊ नको, हे मी बजावलं होतं. एकटीची तक्रार होते, चौघींचा अर्ज होतो. तोंडी रडगाणं नाही, तारखेवार आकडे आणि दोनच मागण्या: इव्हिनिंगनंतर लगेच मॉर्निंग नको, नाईटची दुसरी सिस्टर हलवली तर हलवणाऱ्यानं तशी लेखी नोंद करावी. पहिली मान्य झाली. दुसरीवर ‘बघू’. पण नोंद मागितल्यापासून दुसरीला उचलून नेणं जरा कमी झालंय, असं ती सांगते.

पगाराचंही तिनं विचारलं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं खासगी रुग्णालयांसाठी सुचवलं होतं की 200 हून जास्त खाटा असतील तर पगार राज्य सरकारच्या नर्सइतका, आणि 50 हून कमी असल्या तरी 20,000 च्या खाली नको. ती शिफारस आहे, तिच्या जोरावर उद्या पगार वाढत नाही, हेही मी सांगितलं. कोल्हापूरला जायचा विचार तिच्या मनात आहे. त्यासाठी कर्नाटकातल्या नोंदणीवरून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करून घ्यावी लागेल, ते कागद ती गोळा करतेय. जाईलच असं नाही.

मध्यंतरी तिचा फोन आला तो भलत्याच कारणासाठी. इन्चार्ज सिस्टर रजेवर, म्हणून पुढच्या महिन्याचा ड्युटी चार्ट हिलाच करायला बसवलंय. माणसं तेवढीच, नाईट तेवढ्याच. ‘‘कुणाला टाकू हो, मॅडम, एकटीची नाईट?’’