सचिन म्हणाला की सचिन म्हणाले? एकाच नावाच्या माणसांना काय म्हणावं

चिपळूणच्या एका ताईंनी विचारलंय की एकाच नावाच्या दोन माणसांसाठी मराठीत सुटसुटीत शब्द कोणता. झालं असं की त्यांच्या मुलाने शाळेच्या क्विझसाठी प्रश्न काढला, "भारताकडून खेळलेल्या रॉबिन सिंगचा नामधारी कोण?" आणि बाईंनी 'नामधारी'भोवती लाल गोल मारला. पेपरात तर 'नामसाधर्म्य' येतं, मग नक्की काय लिहायचं?

ताई, बाईंचा लाल गोल बरोबर आहे. फोड केली तर 'नाव धारण करणारा' असंच निघतं, त्यामुळे पोराचं डोकं चाललंय चांगलं, पण मराठीत नामधारी म्हणजे नावापुरता. नामधारी अध्यक्ष, नामधारी सरपंच, म्हणजे सही याची आणि कारभार भलत्याचाच. त्या अर्थाने हा शब्द इतका घट्ट बसलाय की रॉबिन सिंगचा नामधारी म्हटलं की वाटतं कोणीतरी त्याच्या जागी नुसता उभा केलाय.

आणि नामसाधर्म्य हा गुण झाला, माणूस नव्हे. 'आमच्यात नामसाधर्म्य आहे' चालेल, 'तो माझा नामसाधर्म्य आहे' नाही चालणार. एरवी हा शब्द फक्त छापील मराठीतला, पण आपल्याकडे तो टपरीवर पोचला निवडणुकीमुळे. 2014 ला रायगडातून अनंत गीते सुनील तटकऱ्यांसमोर 2,110 मतांनी जिंकले आणि त्याच यादीत दुसरे एक सुनील तटकरे अपक्ष होते, त्यांना 9 हजारांवर मतं पडली. झालं, त्यानंतर पानवाल्यालासुद्धा नामसाधर्म्य म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं नाही. पुढे 2015 पासून मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो लावायला लागले. असले उभे केलेले उमेदवार म्हणजे 'तोतये' असंही लोक रागाने बोलतात, पण तोतया म्हणजे जो मी तोच आहे असं खोटं सांगतो तो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला, त्याला आपल्या रत्नागिरीतच डांबून ठेवलं होतं आणि 1776 ला सुटून त्याने कोकणात चांगलाच धुमाकूळ घातला, तो खरा तोतया. नुसतं नाव सारखं असणं हा काही गुन्हा नाही.

हिंदी-उर्दूवाल्यांकडे 'हमनाम' आहे, बंगालीत अशा माणसाला 'मिता' म्हणतात, गोड आहे शब्द. मराठीत जवळचा आणि रुळलेला म्हणाल तर 'आडनावबंधू'. गुरुबंधू, व्यवसायबंधू या चालीवरचा. त्याच्या शेजारी 'नामबंधू' सहज बसतो, लेखात वापरा खुशाल, मीही वापरतो. पण बोलताना कोणी म्हणत नाही हो. बोलताना 'त्याच नावाचा दुसरा एक' एवढंच, आणि खरं सांगायचं तर या शब्दावाचून मराठीचं काही अडलेलंही नाही, कारण दोघांना वेगळं करायचं काम आपली भाषा दुसरीकडेच उरकून टाकते.

कुठे ते बघा. 'तेंडुलकर म्हणाला' आणि 'तेंडुलकर म्हणाले'. पहिलं वाक्य वाचल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर बॅट आली, दुसऱ्याला नाटककार विजय तेंडुलकर आले, आले की नाही? आडनाव तेच, अक्षर एक बदललेलं नाही, फरक फक्त क्रियापदात. तसंच 'तेंडुलकरने' आणि 'तेंडुलकरांनी'. मराठी पेपरांनी वर्षानुवर्षं हे दोघं एका पानावर आले तरी वाचकाचा गोंधळ होऊ दिला नाही, आणि त्यासाठी वेगळा काही नियम केला असंही नाही. खेळाडू मैदानात असेपर्यंत एकेरी, नाटककार-लेखक-गायक आदरार्थी, अशी आपली सवयच आहे. खेळाडू नात्यातला पोरगा असल्यासारखा. 1971 ला वेस्ट इंडीजमध्ये 774 धावा 'गावसकरने' काढल्या, आता कॉमेंट्री करताना तोच माणूस 'गावसकर म्हणाले' होतो. सचिनला 2014 मध्ये भारतरत्न दिलं तरी आपण 'सचिन म्हणाला'च म्हणतो, माझ्या कानाला 'सचिन म्हणाले' आलं की आधी सचिन पिळगावकर आठवतात, मग सचिन खेडेकर, आणि क्रिकेटवाला तिसरा. मांजरेकरांचंही तेच, 'मांजरेकरने चौकार मारला' म्हटलं की संजय आणि 'मांजरेकरांचा नवा सिनेमा' म्हटलं की महेश.

पण घोटाळाही इथेच होतो. 'तेंडुलकरांनी' हे आदरार्थी एकवचनही आहे आणि खरं अनेकवचनही. 'तेंडुलकरांनी मराठीला खूप दिलं' यात एकटे विजय तेंडुलकर आहेत, की व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकर, अभिनेत्री प्रिया तेंडुलकर आणि सचिनचे वडील कवी रमेश तेंडुलकर असे सगळे, ते वाक्यावरून कळायचं नाही. तिथे 'चारही तेंडुलकरांनी', 'सगळ्या तेंडुलकरांनी' असं वर एक शब्द टाकायला हवा. पहिल्या नावांना वेगळी गंमत, 'तीन वसंतांनी चाली दिल्या' हे कानाला चालतं (वसंत देसाई, वसंत पवार, वसंत प्रभू, तिघेही संगीतकार आणि तिघेही साधारण एकाच जमान्यातले, देसाई तर आपल्या कुडाळकडचे) पण 'दोन सचिनांनी' मात्र जिभेवर अडकतं, तिथे 'दोन्ही सचिननी' बरं वाटतं. वसंत जुना म्हणून त्याला विभक्ती पूर्ण लागते आणि सचिन अजून पाहुण्यासारखा आहे असं माझं मत, कोणाला पटलं नाही तर सांगा.

मुलाच्या रॉबिन सिंगचं. दोघं रॉबिन सिंग भारताकडून कसोटी खेळले आणि दोघांच्याही नावावर बरोबर एकेकच कसोटी आहे. त्रिनिदादमध्ये जन्मलेला, आपल्याला वनडेतल्या फिल्डिंगमुळे आठवणारा, तो ऑक्टोबर 1998 ला हरारेत झिम्बाब्वेविरुद्ध खेळला आणि दिल्लीचा वेगवान बॉलर पुढच्याच जानेवारीत हॅमिल्टनला न्यूझीलंडविरुद्ध. म्हणून क्विझचा प्रश्न 'रॉबिन सिंग नावाचे दोन कसोटीपटू कोणकोणत्या देशांविरुद्ध खेळले?' असा करा, नामधारीही नको, नामबंधूही नको. स्कोअरकार्डात दुसऱ्यापुढे 'ज्युनियर' लावतात, त्याचं मराठी कृपा करून 'धाकटा रॉबिन सिंग' करू नका, धाकटा म्हटलं की मराठी माणूस लगेच भाऊ समजतो. ज्युनियर हा शब्द आपण जसाच्या तसा घेतलाय ते बरंच, ज्युनियर मेहमूद हा काही मेहमूदचा मुलगा नव्हता, नईम सय्यद हे त्याचं खरं नाव, पण तिथे कोणाचा घोटाळा झाला नाही.

धाकट्या-थोरल्याचं काम पोर्तुगीज भाषा प्रत्ययानेच करते आणि गोव्याकडच्या फुटबॉलवाल्यांना हे सांगायला नको. 1994 च्या वर्ल्ड कपला ब्राझीलच्या टीममध्ये रोनाल्डाव होता, म्हणजे थोरला रोनाल्डो, म्हणून पुढे जगभर गाजलेला रोनाल्डो तेव्हा रोनाल्डिन्यो, म्हणजे धाकटा. 1996 च्या ऑलिंपिकला आणखी एक रोनाल्डो आला, तेव्हाही याच्या शर्टावर रोनाल्डिन्योच. मग 1999 ला खरोखरचा रोनाल्डिन्यो आला, तोवर हा मोठा होऊन नुसता रोनाल्डो झाला होता. अमेरिकेत तर नटांच्या युनियनला एकाच नावाचे दोन सभासद चालत नाहीत, मायकेल कीटनचं खरं नाव मायकेल डग्लस, पण ते आधीच घेतलेलं.

आपल्याकडे युनियनही नको आणि प्रत्ययही शोधायला नको, वाडी पुरते. मे महिन्यात मळ्यात लाइट लावून अंडरआर्मच्या मॅचा चालतात तिथे माइकवरचा माणूस ऐका: "बॉलिंग करूक येता टेंबावयलो संतोष, आणि व्हाळाकडलो संतोष उभो आसा बाउंड्रीर." (टेंब म्हणजे टेकाड, व्हाळ म्हणजे ओढा.) मोबाइलवर स्कोअर भरणारा पोरगा मात्र 'संतोष 1', 'संतोष 2' करून बसतो आणि एकाच्या रन दुसऱ्याला देतो, मग सामना थांबवून वाद. दशावतारातही बाबी नालंग आणि बाबी कलिंगण, नुसतं बाबी म्हटलं तर खयचो बाबी ता इचारूक व्हया. आणि -कर तरी दुसरं काय, 'कुठला' याचं कायमचं उत्तर नावाला चिकटवलेलं. प्यारेलालच्या जोडीतले लक्ष्मीकांत हे कुडाळकर, आणि लक्ष्मीकांत बेर्डे तर सरळ 'लक्ष्या', त्यामुळे या दोघांची गल्लत केलेला मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही.

एक भेद मात्र पाळा. मुद्दाम ठेवलेलं नाव असेल तर नामबंधू नको, तिथे आपलं 'वरून' आहे. सचिन देव बर्मन यांच्यावरून सचिन. रोहन कन्हायवरून गावसकरांचा रोहन, त्याच्या पूर्ण नावात 'जयविश्व' आहे ते जयसिंहा आणि विश्वनाथ यांच्यावरून. के. एल. राहुलने स्वतः सांगितलेली गंमत म्हणजे वडील गावसकरांचे भक्त, गावसकरांच्या मुलाचं नाव आपल्या पोराला ठेवायचं ठरलं आणि रोहनचं झालं राहुल. याला 'वरून' म्हणायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

बायकांच्या बाबतीत 'नामभगिनी' मला तरी शाळेच्या अहवालासारखं वाटतं. तिथे पदवी किंवा नातं पुढे येतं: अभिनेत्री सुलोचना लाटकर त्या सुलोचनादीदी, लावणीवाल्या सुलोचना चव्हाण त्या सुलोचनाबाई. मूकपटातल्या सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, त्या तिसऱ्याच. त्यात चव्हाणबाई लग्नाआधी सुलोचना कदम म्हणून गायच्या, त्यामुळे जुन्या रेकॉर्डवर किंवा श्रेयनामावलीत नुसतं 'सुलोचना' दिसलं तर आधी साल बघा, मग गायलंय की काम केलंय ते बघा, आणि मगच पुढे पाठवा.