भारताचे करार शोधायला बसलायस? आधी तारखा बघ
अरे मस्त, घाबरू नकोस, परराष्ट्र मंत्रालयाचा करारांचा डेटाबेस दिसतो तेवढा अवघड नाहीये. नवीन माणूस घसरतो तो एकाच जागी, सही झाली म्हणजे करार लागू झाला असं धरून चालतो. बांगलादेशचा सीमा करार बघ, सही १९७४ ची आणि मंजुरीची कागदपत्रं एकमेकांना दिली थेट जून २०१५ मध्ये, तेव्हा कुठे तो लागू झाला, त्यासाठी घटनादुरुस्ती करावी लागली. पाकिस्तानबरोबरचा सिंधू पाणीवाटप करार तर उलटाच, सही सप्टेंबर १९६० ला पण लागू धरला त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून!

म्हणून
- सहीची आणि लागू झाल्याची, दोन्ही तारखा वेगळ्या लिहून ठेव
- नंतरचे प्रोटोकॉल (मूळ कराराला जोडलेले पुढचे करार) पण शोध, नुसता मूळ करार वाचून थांबू नको (मी थांबायचो)

बहुपक्षीय करारांच्या भानगडीत सध्या पडूच नको.