‘रडी’, ‘इमान’ आणि फेअर प्ले

परभणीच्या एका क्रीडाशिक्षकांनी विचारलंय: शाळेच्या मैदानावर फलक लावायचाय, ‘फेअर प्ले’ला मराठीत काय लिहू? ‘खिलाडूवृत्ती’ चालेल का?

चालेल, पण काम अर्धंच होईल. खिलाडूवृत्तीचा सारा भर हार कशी पचवली यावर. शिवाय हा बक्षीस समारंभातला शब्द, पोरांच्या तोंडी तो नाही. त्यांच्याकडे याच्या उलटा शब्द आहे: रडी. खो-खोत खो मिळायच्या आधीच उठलं तर तो फाऊल. पंचांनी शिट्टी मारली, विषय संपला. ‘मी उठलोच नव्हतो’ म्हणत भांडत बसलं की ती रडी. नियम मोडला म्हणून कुणी रडका होत नाही, कबूल करत नाही म्हणून होतो.

मुद्दाम फसवलं तर ती बेइमानी. ‘इमानानं सांग, बाद झालास का नाही?’ या प्रश्नापुढं भलेभले गडी खाली बघतात. इमान मूळ अरबी, अर्थ श्रद्धा. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत होता म्हणून हा शब्द आपल्याकडं रुजला, असं काही जण सांगतात. मला पटत नाही. ‘इमानेइतबारे चाकरी’ तर पुण्यातही करतात! त्या जोडशब्दात खरी मेख आहे. इतबार म्हणजे भरवसा. इमान आपलं, इतबार समोरच्याचा. बटईच्या शेतात मालक खळ्यावर नसतानाही पोत्यांची वाटणी बरोबर झाली, की दोन्ही शाबूत.

‘फेअर’ला रास्त हा शब्द आहेच, पण तो रेशन दुकानाच्या पाटीवर आणि मोर्चाच्या मागण्यांत अडकलाय. ‘रास्त खेळ’ कुणी म्हणत नाही.

डावपेचांना मात्र लबाडी समजू नका. समोरच्याला गाफील ठेवून ढाक लावणं ही तर कुस्तीतली विद्या. लबाडी असते नुरा कुस्तीत, म्हणजे आधीच ठरवून लढलेल्या. तिच्यात नियम मोडत नाही, पाठही खरीच मातीला लागते, तरी जत्रेतलं पब्लिक बेइमानी म्हणून ओरडतं. त्यांनी इतबार टाकलेला असतो निकाली कुस्तीवर.

तेव्हा सर, फलकावर ‘इमानानं खेळा’ लिहा. शुद्धलेखनासाठी ‘इमानाने’ केलंत तरी हरकत नाही, पोरं वाचताना अनुस्वार देणारच.