वाचकांचे प्रश्न : चार कार्डं आणि सिक्कीमचं तिकीट

ताई, माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. त्याच्याकडे पाच क्रेडिट कार्डं आहेत आणि मागच्या दिवाळीत तो बायकोला घेऊन विमानाने ‘फुकट’ अंदमानला जाऊन आला. मी शिक्षिका आहे. घरखर्च महिन्याला चाळीस हजार, कार्ड एकच. पुढच्या मे महिन्यात आई-वडिलांना सिक्कीमला न्यायचं मनात आहे. मीही तीन-चार कार्डं काढू का?
— एक वाचक, सांगली

काढा, पण चार नकोत. तुमच्याकडे आहे त्यात एकाचीच भर घाला. आणि अर्ज करण्याआधी मागच्या तीन महिन्यांचे खर्च घेऊन एका संध्याकाळी बसा.

कार्डाने खर्च केला की बँक पॉइंट देते आणि त्यांवर तिकीट, हॉटेल घेता येतं. तुमच्या चाळीस हजारांतल्या कितीवर असे पॉइंट मिळतील, हे आधी बघायचं. घरभाडं, पेट्रोल, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, सरकारी भरणा यांवर बहुतेक कार्डं पॉइंट देतच नाहीत. विमा, वीजबिल, शाळेची फी यांवर देतात तिथेही मर्यादा असते. मी माझ्या घरचा असा हिशेब केला तेव्हा चाळीसातले बावीस हजार उरले. त्यावर शेकडा एक रुपयाचे पॉइंट धरा : महिन्याला २२०, वर्षाला २,६४०. कार्डाची वार्षिक फी हजार रुपये असेल तर १८ टक्के जीएसटी धरून १,१८० गेले. हातात राहिले १,४६०. एवढ्यात मुंबईहून बागडोगऱ्याचं (सिक्कीमला जायचं तर इथेच उतरतात) एका माणसाचंही तिकीट येत नाही.

मग भाचा गेला कसा? रोजच्या किराण्यावर नव्हे. नवीन कार्ड घेताना मिळणारे पॉइंट आणि वर्षात अमुक लाखाचा टप्पा गाठला की मिळणारे जादा पॉइंट, खरी कमाई या दोन ठिकाणी असते. आणि ‘फुकट’ तिकिटावरसुद्धा कर आणि विमानतळाचे आकार बहुतेक वेळा खिशातूनच भरावे लागतात. ते त्याला विचारा, तो सांगेल.

मी बँकेत ३१ वर्षं काढली, पण हे सगळं शिकले ते निवृत्तीनंतर, आईला कामाख्येला न्यायचं ठरलं तेव्हा. माझ्याकडे एक साधं, बिनफीचं कार्ड होतं. त्या वर्षी घराला रंग द्यायचा होता, फ्रिज बदलायचा होता, गाडीचा विमा होता. हे खर्च होणारच होते. म्हणून नेमकं त्याच्या आधी प्रवासाचं एक कार्ड घेतलं आणि ते तिन्ही खर्च त्यावर टाकले. टप्पा पूर्ण झाला, एक रुपयाही जास्तीचा खर्च न करता. ते पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वळवले आणि मुंबई–गुवाहाटीची दोन तिकिटं काढली. आई तेव्हा ७४ वर्षांची, पहिल्यांदाच विमानात बसलेली. उतरताना खिडकीला नाक लावून विचारत होती, “हे खाली एवढं पसरलंय ते पाणी का गं?” ब्रह्मपुत्रा होती. त्या एका प्रश्नासाठी मी वर्षभर हिशेब ठेवला असता.

हिशेब मी वहीत ठेवते. लांब वहीचं शेवटचं पान, दोन रकाने, लाल पेन्सिल. साध्या कार्डाचं बिल ४ तारखेला निघतं, भरायची शेवटची तारीख २४. प्रवासाच्या कार्डाचं १८ ला निघतं, भरायचं पुढच्या ८ ला. म्हणजे मोठी खरेदी ५ तारखेला पहिल्या कार्डावर केली तर जवळजवळ पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात, आणि तीच ३ तारखेला केली तर जेमतेम तीन आठवडे. दोन कार्डांचा हा फायदा पॉइंटांहून कमी नाही.

एक चूक मात्र सांगते, कारण ती कोणाच्याही हातून होईल. एकदा १८,५४० च्या जागी १८,४५० भरले. नव्वद रुपये कमी. पुढच्या बिलात सातशेच्या वर व्याज लागून आलं. बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदत संपते आणि प्रत्येक खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज धरतात. तेव्हापासून दोन्ही कार्डांना बचत खात्यातून आपोआप वळते करण्याची सोय लावली आहे. ती लावताना ‘पूर्ण रक्कम’ निवडा. ‘किमान रक्कम’ असाही पर्याय तिथेच असतो आणि घाईत तोच निवडला जातो.

पॉइंट साठवून ठेवू नका. विस्तारा ही विमान कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या नावाच्या कार्डांवर भिस्त ठेवलेल्या लोकांना सगळं गणित नव्याने मांडावं लागलं. आणि पॉइंट कशावर खर्च करता याने त्याची किंमत बदलते. एचडीएफसीच्या इन्फिनिया कार्डाचा एक पॉइंट त्यांच्या पोर्टलवर विमान-हॉटेलासाठी वापरला तर एक रुपयाचा, बिलात वळता केला तर तीस पैशांचा. ते कार्ड आपल्याला सहजी मिळणारं नाही, पण तुमच्या कार्डाचा असा तक्ता बँकेच्या नियमांत असतोच. मिक्सर आणि बॅगांच्या यादीकडे बघूच नका, तिथेही पॉइंट स्वस्तातच जातात.

मे महिना म्हणजे सिक्कीमचा हंगाम. पॉइंटांवरच्या जागा मोजक्या असतात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीतच तारखा बघायला लागा. नाही जमलं तर एक बाजू पॉइंटांवर आणि एक पैशांनी. आई-वडिलांची सहल पॉइंटांपायी लांबवू नका.

माझ्यावर कार्डाचे ६२ हजार थकले आहेत. दर महिन्याला बिलावरची किमान रक्कम ३,१०० भरतो. पॉइंट मात्र छान साठतायत, गोव्याच्या हॉटेलपुरते झालेत. योग्य चाललंय ना?
— एक वाचक, नाशिक

नाही. आणि हे मी तुम्हाला स्पष्ट सांगितलंच पाहिजे.

महिना साडेतीन टक्के व्याज धरा. ६२ हजारांवर २,१७०, त्यावर जीएसटी सुमारे ३९०. म्हणजे तुमच्या ३,१०० मधले २,५६० निव्वळ व्याजात जातात आणि मुद्दल फक्त ५४० ने कमी होतं. त्यात नवी खरेदी चालू आहे, तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. गोव्याच्या त्या हॉटेलचे पैसे तुम्ही कधीच देऊन बसला आहात.

कार्ड आज कपाटात ठेवा. मुदत ठेव असेल तर मोडा. ठेवीवर सात टक्के मिळत असतील, इथे वर्षाला बेचाळीस जातात. ठेव नसेल तर सोनेतारण कर्ज किंवा वैयक्तिक कर्ज घेऊन कार्ड एकरकमी फेडा, दोन्ही यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. साठलेले पॉइंट बिलात वळते करून घ्या. वर तो दर वाईट म्हटलं, पण तुमच्या बाबतीत तेच योग्य आहे. घरच्यांना सांगितलं नसेल तर सांगा. बँकेत माझ्यासमोर बसून रडलेली बरीचशी माणसं कर्जापेक्षा लपवाछपवीने थकलेली होती.

मुलीकडे दुबईला जातोय. तिथली सगळी खरेदी कार्डावर केली तर पॉइंट मिळतील ना?
— एक वाचक, ठाणे

मिळतील, पण परदेशी चलनावर बहुतेक कार्डं साडेतीन टक्के आकार लावतात, जीएसटी धरून ४.१३. दोन टक्क्यांच्या पॉइंटांसाठी चार टक्के देऊ नका. हा आकार न घेणारी कार्डंही आहेत, त्यातलं एक घेऊन जा. दुकानातल्या मशीनवर ‘रुपयांत घेऊ का’ असं आलं तर नाही म्हणा, दिरहमच निवडा. रुपयांचा दर दुकानाच्या बाजूने लावलेला असतो. आणि कार्डाने एटीएममधून रोख काढू नका.

टप्पा गाठण्यासाठी मित्रांची खरेदी माझ्या कार्डावर करतो, ते मला पैसे पाठवतात. शिवाय एक जुनं कार्ड बंद करायचंय, बँक टोलवते आहे.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

मित्राने पैसे द्यायला उशीर केला तरी बिल तुमच्याच नावावर असतं. शिवाय एखाद्या बँकेच्या कार्डांची बिलं वर्षात दहा लाख किंवा त्याहून जास्त भरलीत तर ती माहिती आयकर खात्याकडे जाते. पगार आठ लाख आणि कार्डाचा भरणा बारा लाख दिसला, तर खुलासा तुम्हाला करावा लागेल. हे थांबवा.

कार्ड बंद करायचं तर आधी पॉइंट वापरून टाका, थकबाकी शून्य करा, मग लेखी अर्ज ईमेलने द्या. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार थकबाकी नसेल तर सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. अर्जात हा नियम लिहा. मात्र ते तुमचं सगळ्यात जुनं कार्ड असेल आणि त्याला फी नसेल, तर ठेवा. सिबिलच्या, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींच्या, अहवालात जुन्या, नियमित भरलेल्या खात्याला वजन असतं. घरकर्ज घ्यायचं असेल, तर त्याआधीचे सहा महिने नवीन कार्डासाठी अर्जही करू नका.